फ्लायव्हील हलके करावे काय?

जात्यावर बसलेली बाई एका हाताने खुंटा फिरवते आणि दुसऱ्या हाताने वैरण घालते. तिचा जोर सबंध फेऱ्यात सारखा नसतो. खुंटा आपल्याकडे ओढताना तो अधिक लागतो, पलीकडे जाताना कमी. तरी जाते थबकत नाही, कारण वरची तळी जड असते आणि एकदा मिळालेली गती ती सहजासहजी सोडत नाही. आपल्या गावची अठराव्या शतकातली पाणचक्की सर्वांनी पाहिलेली आहेच. तिथेही पाण्याने एकदा फिरू लागलेली दगडी तळी आपल्या वजनानेच संथपणे फिरत राहते.

मोटारीतले फ्लायव्हील म्हणजे या तळीचेच भावंड. पाठ्यपुस्तकांत त्याला प्रचक्र म्हणतात; आपण वर्कशॉपमधल्या मंडळींचाच शब्द वापरू. इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला, क्लचच्या पाठीला लावलेली ती एक जड चकती. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. दोन स्फोटांमधल्या काळात दांडा मंदावू पाहतो, तेव्हा चकती आपल्या साठ्यातून त्याला उसने देते आणि पुढच्या स्फोटाला ते परत घेते.

हा विषय निघाला तो एका तरुण श्रोत्यामुळे. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाची ऑक्टेव्हिया जुळवली जाऊ लागली. तिचा आरएस नावाचा चपळ अवतार २००४ साली आपल्या बाजारात आला. तसली जुनी गाडी या तरुणाने हौसेने घेतली आहे. शर्यतीच्या गाड्यांत हलके फ्लायव्हील असते असे ऐकून तो मला म्हणाला, “सर, क्लच बदलायचाच आहे, तर त्याच खर्चात चकतीही हलकी करून घेऊ का?” प्रश्न रास्त आहे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडते.

आधी लाभ पाहू. चकतीचे नुसते वजन सांगून भागत नाही. ते वजन मध्यापासून किती लांब आहे हे महत्त्वाचे, आणि अंतराचा तर वर्ग घ्यावा लागतो. मध्यापासून १२ सेंटिमीटरवरचा एक किलो हा ५ सेंटिमीटरवरच्या जवळजवळ सहा किलोंच्या तोडीचा. समजा, ९ किलोंच्या आणि १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीच्या कडेजवळचे ३ किलो कमी केले. तिचा फिरता जडपणा साधारण निम्मा होतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चौदा फेरे घेते तेव्हा चाक एक फेरा घेते असे धरले, तर वेग घेताना गाडी सुमारे ९४ किलोंनी हलकी झाल्यासारखी वाटेल. म्हणजे मागच्या सीटवरून एक धष्टपुष्ट पाहुणा उतरला! मात्र तिसऱ्या गिअरमध्ये हाच लाभ १३ किलोंवर येतो आणि पाचव्यात जेमतेम ५ किलोंवर. हमरस्त्यावर ट्रकला मागे टाकताना याचा उपयोग शून्याच्या आसपास. गिअर बदलताना इंजिन चटकन चढते-उतरते, हा आनंद मात्र खरा आहे. तो मी नाकारणार नाही.

आता तोटा. चकतीतला साठा फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर जो साठा असेल त्याच्या ६४ पट साठा ६,४०० फेऱ्यांवर असतो. शर्यतीचे इंजिन वरच्या फेऱ्यांतच नांदते, म्हणून त्याला हलकी चकतीही पुरून उरते. आपली गाडी क्रांती चौकातल्या सिग्नलला ८०० वर उभी असते. १,५०० फेऱ्यांवर आपल्या ९ किलोंच्या चकतीत जेवढी ऊर्जा असते, तेवढीच १,३०० किलोंच्या मोटारीत माणसाच्या चालीच्या वेगाने जाताना असते. क्लच सोडताना गाडीला पहिला धक्का देणारी पुंजी ती हीच. आणि आपण तिचा निम्मा भाग लेथवर कापून टाकलेला असतो. मग घाटात, पुढे ट्रक आणि मागे एसटी अशा चढावर, इंजिन वारंवार बंद पडते. न पडावे म्हणून आपण अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबतो, क्लच अधिक घसरवतो, आणि नवा क्लच लवकर जळतो.

आणखी एक गोष्ट. अनेक नव्या गाड्यांत चकती दुहेरी असते. दोन भागांमध्ये स्प्रिंगा बसवलेल्या असतात. इंजिनाचे हिसके त्या पचवतात. ती काढून एकेरी हलकी चकती बसवली की हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचतात आणि उभ्या गाडीत डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मिस्त्रीला दोष देऊन उपयोग नाही.

खरे भय मात्र वेगळे आहे. मूळची बिडाची चकती ओळखीच्या लेथवाल्याकडून पातळ करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. ७,००० फेऱ्यांवर १४ सेंटिमीटर त्रिज्येची कडा ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाने धावते. बीड दाब सोसते, ताण तितकासा सोसत नाही. त्यात क्लचच्या उष्णतेने बारीक तडे जातात. असे चाक फुटले तर तुकडे आवरण फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात. तोल बिघडला तरी गोष्ट साधी नाही. १० सेंटिमीटरवर फक्त १० ग्रॅमचा फरक राहिला, तर ६,००० फेऱ्यांवर दांड्याला ४० किलोंचा ओढा बसतो, आणि त्याची दिशा प्रत्येक फेऱ्याबरोबर फिरते.

त्या तरुणाला मी सांगितले की रोज गावात चालवायची असेल तर मूळचीच चकती नवी बसव. हौस फारच अनावर असेल, तर पोलादाची घडीव, त्याच इंजिनासाठी बनवलेली आणि थोडीशीच हलकी घे, क्लचसह तोलून घे, आणि जुनी चकती भंगारात देऊ नकोस. त्याने ती बंगल्याच्या माळ्यावर ठेवली आहे. नवी बसवून दोन महिने झाले. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “गाडी पळते झकास, पण आई आता पुढे बसायला तयार नाही. प्रत्येक सिग्नलला मान हलते म्हणते.”