गुरूवरचा उजेड कोणाच्या कष्टाचा?



मे २०२४ मध्ये एका रात्री लडाखमधील हानले येथील आकाश तांबडे झाले. सूर्यावरून सुटलेला विद्युत्भारित वायूचा लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला होता, आणि एरवी ध्रुवांजवळच्या लोकांनाच दिसणारा उजेड आपल्या देशातूनही दिसला. हा ध्रुवीय प्रकाश सूर्याच्या वाऱ्याने पेटतो, असे आपण वाचले. पृथ्वीपुरते ते बरोबर आहे. परंतु असाच उजेड गुरूवर आहे, शनीवर आहे, युरेनस म्हणजे प्रजापती आणि नेपच्यून म्हणजे वरुण यांच्यावरही आहे. तेथे तो कोणाच्या बळावर पेटतो? कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला कोठेही दिवा दिसला की त्यामागे राबतो कोण, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

सूर्यापासून असा वारा अखंड वाहत असला पाहिजे, हे १९५८ साली यूजीन पार्कर या तरुण संशोधकाने गणिताने मांडले. परीक्षकांनी लेख नापसंत केला. नियतकालिकाचे संपादक होते लाहोरात जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही रुचली नव्हती. पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. मला स्वतःला हा प्रसंग त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. पुढे १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर २’ यानाने तो वारा प्रत्यक्ष मोजला. वेग सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास; दाटी मात्र इतकी थोडी की पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरात पाच-सातच कण.

ग्रहाला स्वतःचे चुंबकत्व असेल तर हा वारा थेट खाली येत नाही. चुंबकत्व त्याला दूर थोपवते आणि ग्रहाभोवती एक पोकळी राखते. तिला चुंबकांबर म्हणतात. सूर्याच्या बाजूला ती दबलेली, तर उलट बाजूला लांब शेपटीसारखी ओढलेली असते. पृथ्वीचे चुंबकांबर सूर्याच्या दिशेला पृथ्वीच्या सुमारे दहा त्रिज्यांइतके पसरते. वाऱ्याबरोबर आलेल्या चुंबकत्वाची दिशा आपल्या उलट असली की दोन्हींच्या रेषा जुळतात, ऊर्जा आत शिरते, शेपटीत साठते आणि सुटली की ध्रुवांकडे इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. येथे मालक वारा आहे.

गुरूपाशी जाईपर्यंत हा वारा पसरून सत्तावीस पटींनी विरळ होतो. उलट गुरूचे चुंबकबल पृथ्वीच्या सुमारे वीस हजार पट. त्याचे चुंबकांबर डोळ्यांना दिसते तर आपल्या आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहून मोठे दिसते. या अवाढव्य पोकळीत माल पुरवतो आयो नावाचा चंद्र. त्याचे ज्वालामुखी ‘व्हॉयेजर १’ ला १९७९ मध्ये दिसले. गंधक आणि ऑक्सिजन मिळून सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य त्याच्यापासून निघते, विद्युत्भारित होते आणि गुरूच्या चुंबकत्वाच्या तावडीत सापडते. गुरू दहा तासांच्या आत एक फेरी पुरी करतो. एवढ्या वेगाने हा सगळा माल त्याला आपल्याबरोबर फिरवायचा असतो.

जुन्या गिरण्यांत एका मुख्य शाफ्टवरून पट्टे लावून अनेक यंत्रे फिरवीत. भार वाढला की पट्टा घसरे आणि तापे. गुरूचे तसेच आहे. माल बाहेर सरकत जातो तसा मागे पडू लागतो. त्याला ओढण्यासाठी चुंबकरेषांवरून विजेचे प्रवाह वाहतात, इलेक्ट्रॉन ध्रुवाकडच्या वातावरणावर आपटतात, आणि प्रकाशाचे मुख्य कडे उजळते. म्हणजे वारा असो वा नसो, हा दिवा गुरूच्या स्वतःच्या गिरकीवर जळतो.

मग वाऱ्याचे काही चालत नाही काय? चालते. त्याचा जोर वाढला की गुरूचे चुंबकांबर दबते. हिशोब असा होता की दबल्यावर माल आत येईल, अधिक वेगाने फिरेल, घसरण कमी होईल आणि उजेड मंदावेल. २०१६ मध्ये ‘जूनो’ यान गुरूकडे जाता जाता वारा मोजत होते आणि हबल दुर्बीण ध्रुवांकडे पाहत होती. चुंबकांबर दबले तेव्हा उजेड वाढला! घसरत्या पट्ट्याचा दाखला मी दिला खरा, पण तो येथे अपुरा पडतो.

शनी या दोहोंच्या मधला. जानेवारी २००४ मध्ये ‘कॅसिनी’ यान तेथे पोहोचायला काही महिने असताना वाऱ्याचा एक मोठा धक्का शनीवर आदळला आणि हबलला तेथील प्रकाश लखलखताना दिसला.

प्रजापतीची गोष्ट मात्र जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. हा ग्रह आडवा पडून फिरतो, आणि त्याच्या चुंबकाचा आस फिरण्याच्या आसाशी सुमारे साठ अंश कललेला. तेथे यान गेले एकदाच: जानेवारी १९८६ मध्ये, ‘व्हॉयेजर २’. त्याला चुंबकांबर जवळजवळ रिकामे आढळले. त्यावरून प्रजापतीचे चंद्र निपचित असावेत, त्यांच्यापासून काही निघत नसावे, असा समज झाला. कारखान्यात तपासणीला साहेब येतो त्या दिवशी जमीन धुतलेली असते, पंखे फिरत असतात. शेरा मात्र वर्षभर चालतो. २०२४ मध्ये त्याच जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. यान पोहोचण्याच्या थोडे आधी वाऱ्याचा जोर एकदम वाढून चुंबकांबर चेपले गेले होते, आणि अशी स्थिती तेथे शंभरात पाच वेळाही नसते, असे त्यांतून निघाले. त्या चेपण्यातच आतला माल बाहेर फेकला गेला असण्याचा संभव आहे. अडतीस वर्षे आपण एका वादळी दिवसालाच रोजचा दिवस समजत होतो.

वरुणावर याच ‘व्हॉयेजर २’ ला १९८९ मध्ये उजेडाची अंधुक खूण आढळली होती. स्वच्छ चित्र मिळाले ते वेब दुर्बिणीने जून २०२३ मध्ये केलेल्या निरीक्षणांतून. ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. उजेड ध्रुवांवर नाही, मधल्या अक्षांशांवर आहे. कारण चुंबकाचा आस तेथेही ४७ अंश कललेला. दरम्यानच्या काळात वरुणाचे वरचे वातावरण शेकडो अंशांनी थंड झाले. थंड वायू कमी उजळतो, म्हणून मधल्या वर्षांत दुर्बिणींना तेथे काही दिसत नव्हते. १९८९ नंतर त्या ग्रहाजवळ एकही यान गेलेले नाही.