गिटार कोणी वाजवली?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सरळ केलंय, बाकी जसंच्या तसं.

परवा शनिवारी नागोठण्याला घरी चाललो होतो. पनवेलहून एसटी, खिडकीची सीट, कानात 'दम मारो दम'. सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा आला आणि मी सहज ॲपमध्ये क्रेडिट्स उघडले. आशा भोसले, आर. डी. बर्मन, आनंद बक्षी. संपलं. गिटार जणू आपोआपच वाजली!

वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. हो, तेच. 'दिल ढूंढता है'वाले, नंतर गझल गाणारे. 1971 च्या 'दम मारो दम'ची गिटार त्यांची, 1973 च्या 'चुरा लिया है'चीही त्यांचीच. 2022 मध्ये ते गेले तेव्हा बहुतेकांनी स्टेटसला त्यांचा आवाज टाकला, गिटार फार कमी जणांनी. आणि गंमत बघा, 'नाम गुम जाएगा' हे गाणं गाणाऱ्यांत तेच आहेत.

पण निदान त्यांच्याकडे आवाज तरी होता. भानू गुप्तांचं काय? पंचमच्या ताफ्यातला हा माणूस मुळात माउथ ऑर्गनवाला. 'शोले'त अमिताभ जो वाजवताना दिसतो, ते खरं भानूदांनी वाजवलंय. आणि गिटारवर त्यांचं काम म्हणजे बहुतेकदा रिदम.

आता रिदम गिटार म्हणजे काय, हे आपल्याकडच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे गणपतीत बेंजो पार्टी येते. सगळ्यांचे मोबाईल बेंजोवाल्यावर. मागे कॅसिओवर कॉर्ड धरून उभा असलेला पोरगा कोणाच्याच व्हिडिओत नसतो. पण त्यानं दोन मिनिटं हात काढला ना, तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. का, ते मात्र कोणालाच कळत नाही. AC/DC ऐकणाऱ्यांना माहितीये, शाळेचा युनिफॉर्म घालून उड्या मारणारा अँगस यंग सगळ्यांना ठाऊक, पण ज्याच्यावर तो उड्या मारतो ती जमीन त्याच्या भावानं, माल्कमनं धरलेली असायची.

कॉर्डचं एक असतं. गाण्याची चाल तीच ठेवून खालचा एक सूर हलवला, तरी त्याच ओळीचा मूड बदलतो. हसरी ओळ उदास होते. त्यामुळे रिदमवाला नुसता ताल धरत नाही, गाण्याचा अर्थही थोडाफार त्याच्या बोटात असतो.

'चिंगारी कोई भडके'चा किस्सा याच जातीचा आहे. बैठकीत भानूदा असेच गिटार छेडत बसलेले आणि एक कॉर्ड चुकीची पडली. पंचमनं ती पुन्हा वाजवायला लावली, आणि त्यातून 1972 च्या 'अमर प्रेम'मधल्या त्या गाण्याची सुरुवात उभी राहिली. आम्ही कोडमधले बग लपवतो, इथे पंचमनं बगच रिलीज केला! चूक भानूदांची, कान पंचमचा. दोन्ही लागले. पण क्रेडिटला फक्त कान.

तेव्हाचं रेकॉर्डिंगही ध्यानात घ्या. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत वादक आणि गायक बहुतेक वेळा एकत्रच टेक द्यायचे. एकाचा सूर हुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. मानधन कामाच्या हिशोबानं, एकदाच. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी वादकाचा हिशोब त्या दिवशीच मिटलेला.

2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, परफॉर्मरच्या हक्कांना जोर आला. पण त्यातच एक मेख आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा ओघानं आलेलं आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव कुठेच येत नाही, तो एक अपवाद सोडला तर परफॉर्मरच धरला जात नाही. माझ्या मते 'दम मारो दम'ची गिटार कोणत्याही अर्थानं किरकोळ नाही. पण 'रिवाज' हा शब्द वाचून मी थांबलोच. नाव न देणं हाच रिवाज असेल, तर क्रेडिटचा तो रिकामा रकाना म्हणजे नुसता विसराळूपणा राहत नाही.

(थोडा राग वैयक्तिकही आहे. कॉलेजच्या बँडमध्ये मी रिदम वाजवायचो. पोस्टरवर चार नावं होती. आम्ही पाच जण होतो.)

सगळेच मागे राहिले असं नाही हां. एस. डी. बर्मन यांच्याकडे काम केलेले अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल पुढे 'अनिल-अरुण' झाले. 1979 च्या 'अष्टविनायक'चं संगीत त्यांचं. आमच्या शेजारच्या पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलात तर 'प्रथम तुला वंदितो' कानावर पडणारच. म्हंजे मागच्या खुर्चीवरून पुढे येता यायचं, पण संगीतकार होऊन. वादक राहून नाही.

आता एक इंजिनिअरवाली गोष्ट. गाण्याच्या डेटामध्ये 'गिटार: अमुक' लिहायला जागा आजही असते, फक्त ती भरत नाहीत. म्युझिकब्रेन्झ नावाचा खुला डेटाबेस आहे. फुकट अकाउंट काढून कोणीही वाद्यासकट वादकाचं नाव जोडू शकतो, मात्र कुठून कळलं ते लिहा, अंदाजपंचे भरू नका. मी घरी पोचल्यावर 'दम मारो दम'पासून सुरुवात केली. जेवायला हाका येईपर्यंत तीन गाणी झाली. तुमच्याकडे जुन्या रेकॉर्डची कव्हरं पडली असतील, तर मागच्या बाजूचे फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात आपण एकत्र बसून भरू.