कॉन्ट्रॅक्टर नवा, विम्याचे नियम तेच: सोसायटीसाठी एकदाच बनवा टेम्प्लेट

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रंगकाम निघालं की प्रश्न येतो, "पेंटरचा इन्शुरन्स बघितला का कुणी?" मग कुणीतरी जुनी पीडीएफ फॉरवर्ड करतं आणि विषय संपतो. पण सातव्या मजल्यावर दोरीवर लटकलेला कामगार पडला, तर उपचार आणि भरपाईचे पैसे कुठून येणार? त्या पीडीएफची मुदत संपलेली असेल, तर उत्तर कुणाकडेच नसतं.

यावर सोपा उपाय आहे: नियम माणसाला नाही, कामाच्या प्रकाराला लावा. कोडिंगच्या भाषेत, क्लास एकदाच लिहायचा, ऑब्जेक्ट हवे तेवढे बनवायचे. गूगल शीट्समध्ये दोन टॅब पुरतात.

टॅब १: नियम

- उंचीवरचं काम (रंगकाम, वॉटरप्रूफिंग): कामगार भरपाई पॉलिसी आणि पब्लिक लायबिलिटी. पहिली कामगारांसाठी, दुसरी खाली उभ्या माणसाला किंवा गाडीला इजा झाली तर.
- वाहन आणणारे (टँकर, क्रेन): थर्ड पार्टी विमा. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचाच आहे. गाडीचा नंबर टाकून एम-परिवहन अ‍ॅपवर मुदत तपासता येते.
- ऑफिसात बसून होणारं काम (हिशेब, वेबसाइट): यातलं काहीच मागू नका.

किमान रक्कम किती हवी, हे कमिटीने विमा एजंटशी बोलून ठरवावं आणि इथेच लिहावं.

टॅब २: कॉन्ट्रॅक्टर

नाव, कामाचा प्रकार (ड्रॉपडाउन), पॉलिसी नंबर, मुदतीची तारीख, कामगारांची संख्या. व्ही-लुकअप लावला की त्या प्रकाराचा नियम आपोआप समोर येतो. फॉर्म्युल्याच्या शेवटी 'फॉल्स' द्या, नाहीतर भलत्याच ओळीतला नियम येऊ शकतो. कंडिशनल फॉरमॅटिंगने मुदतीला ३० दिवस उरले की पिवळा आणि मुदत संपली की लाल रंग लावा. उद्या रक्कम वाढवायची ठरली, तर एकच सेल बदलायचा.

पीडीएफ आली की काय बघायचं?

१. पॉलिसीवरचं नाव आणि वर्क ऑर्डरवरचं नाव एकच आहे का?
२. काम संपेपर्यंत मुदत आहे का?
३. पॉलिसीत चार कामगार आणि साइटवर दहा, असं तर नाही ना? सब-कॉन्ट्रॅक्टरची माणसंही त्यात धरली आहेत का, हे वेगळं विचारा.

कधी सूट द्यावीच लागली, तर कोणी दिली आणि कधीपर्यंत, हे शीटमध्येच नोंदवा. तोंडी सूट पुढच्या कमिटीला कळत नाही.

आणि हो, शीटमध्ये लाल काही नाही म्हणून हार्नेसकडे दुर्लक्ष नको. विमा पैसे देतो, पडणं थांबवत नाही.

सुरुवात छोटी करा: सध्या चालू असलेल्या एका कामाची पॉलिसी आजच मागवा आणि मुदतीची तारीख बघा.