विश्लेषण : भिंतीवरचे चित्र पुसण्याचा हक्क कोणाचा?

बीडहून परळीकडे जाताना वडवणीनंतर तेलगाव लागते. माजलगाव-धारूर रस्ता इथेच आडवा येतो. अशा चौफुलीवरची भिंत फार दिवस मोकळी राहत नाही. आज बियाण्यांची जाहिरात, उद्या निवडणूक लागली की त्यावर चुन्याचा हात आणि नवी घोषणा. जुने पुसताना ते रंगवणाऱ्या पेंटरला कोणी विचारत नाही. जगातल्या मोठ्या कलासंग्रहालयांनी रस्त्यावरची कला आपलीशी केली, तेव्हाही वाद इथेच अडला.

टेट मॉडर्नने काय केले?

लंडनचे टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचे संग्रहालय जुन्या वीजनिर्मिती केंद्राच्या इमारतीत आहे. २००८ च्या मे ते ऑगस्टदरम्यान थेम्स नदीकडच्या त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सहा कलावंत आणि गटांची भलीमोठी चित्रे झळकली. ब्राझीलचे ओस जेमियोस, इटलीचा ब्लू, फ्रान्सचा जेआर त्यांत होते. तिकीट नको, आत जायला नको. नदीकाठी उभे राहिले की झाले. आजूबाजूच्या गल्ल्यांतून चित्रे पाहत फिरण्याचा मार्गही आखला होता.

त्याच जुलैमध्ये त्याच सदर्क भागातील न्यायालयाने विनापरवाना ग्राफिटी रंगवणाऱ्या टोळीतील तरुणांना तुरुंगात धाडले. रंग तोच, फरक फक्त परवानगीचा.

परवानगी मिळाली की प्रश्न संपतो?

नाही. ब्लूचाच अनुभव पाहा. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने त्याला भिंत दिली. त्याने डॉलरच्या नोटांत गुंडाळलेल्या शवपेट्या रंगवल्या. समोर माजी सैनिकांचे रुग्णालय आणि युद्धस्मारक. संग्रहालयाने स्वतःच मागवलेले चित्र स्वतःच पांढरे करून टाकले. पुढे २०१६ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात भिंतींवरून काढलेली चित्रे प्रदर्शनात मांडली जाणार होती. त्याच्या निषेधात ब्लूने शहरातली आपली वर्षानुवर्षांची चित्रे राखाडी रंगाने पुसून टाकली. पुसण्याचा हक्क या वेळी त्याने स्वतःकडे घेतला.

महाराष्ट्रात काय?

मुंबईत २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशनने १८७५ च्या ससून डॉकमध्येच कला प्रकल्प भरवला. जेआरच्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमातून इथे राबणाऱ्या कोळी, बंजारा आणि इतर समाजांतील लोकांची मोठी कृष्णधवल छायाचित्रे गोदीतच लावली गेली. मासळीच्या वासाने नाक मुरडणारे मुंबईकरही ती पाहायला आले. ज्यांचे चेहरे, त्यांच्याच कामाच्या जागी ते लागले, ही या प्रकल्पाची सर्वांत भक्कम बाजू. एखाद्या वातानुकूलित दालनात तो परिणाम साधला नसता.

कायदा कोणाच्या बाजूने?

सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. त्यामुळे परस्पर भिंत रंगवणे अंगाशी येऊ शकते. दुसरीकडे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ कलावंताला विकलेल्या कलाकृतीवरही काही हक्क देते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला शिल्पाचे अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. निकाल लागेपर्यंत २६ वर्षे गेली होती.

गावातल्या पेंटरला एवढे थांबणे कुठले परवडणार? त्यापेक्षा शाळेची किंवा ग्रामपंचायतीची भिंत रंगवायला देतानाच चार ओळी कागदावर आणाव्यात : चित्र किती वर्षे ठेवायचे, पुसायचे झाल्यास आधी कोणाला कळवायचे आणि खाली नाव कोणाचे. सध्या त्या जागी बहुतेक वेळा सौजन्य करणाऱ्याचेच नाव असते.