बिबट्या आला तेव्हा फोटोग्राफर कुठे होता?

मुंबईच्या आरे कॉलनीतली एक चिंचोळी गल्ली. रात्रीची वेळ, कडेला घरं आणि मधून बिबट्या चाललाय! नयन खानोलकर यांच्या या फोटोचं नाव ‘द ॲली कॅट’. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत 2016 साली शहरी विभागात तो पहिला आला. फोटोग्राफी शिकणारं कुणी भेटलं की मी आधी हाच फोटो दाखवतो. कारण बिबट्या गेला त्या क्षणी कॅमेऱ्यामागे कुणी उभंच नव्हतं.

मग बटण दाबलं कुणी? बिबट्यानंच!

असे कॅमेरे दोन तऱ्हांनी लावतात. वाटेवर अवरक्त किरणांची न दिसणारी रेघ आडवी धरायची. ती तुटली की शटर उघडतं. दुसरी तऱ्हा तर मला थक्कच करते. तिथला सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, समोरून येणारी उष्णता तेवढी ओळखतो. डोळे मिटून तापलेल्या तव्यापाशी हात नेला तरी तवा कळतो ना, तसं. पण दिवसभर तापलेली भिंतसुद्धा ऊब देते. तिच्यामुळे कॅमेरा क्लिक-क्लिक का करत सुटत नाही? कारण सेन्सरचे दोन भाग असतात. दोघांना मिळणारी उष्णता सारखी असेल, तर तो गप्प. गरम अंग एकासमोरून दुसऱ्यासमोर सरकलं की फरक पडतो आणि शटर उघडतं. म्हणूनच भर उन्हाळ्यात, दगड-माती जनावराच्या अंगाइतकी तापली की हाच सेन्सर फसू शकतो.

आता प्रकाशाचं बघा. अंधारात शटर जास्त वेळ उघडं ठेवावं, तर चालता बिबट्या पुसट होणार. नुसता फ्लॅश मारावा, तर मागची गल्ली काळोखात बुडणार. उपाय असा, की एकाच फोटोत दोन वेळा पकडायच्या! शटर सावकाश उघडं राहतं आणि गल्लीतला मंद उजेड आत झिरपतो. त्याच अवधीत फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लखलखतो आणि जनावर जागच्या जागी थिजतं. खानोलकरांनी फ्लॅश असे लावले, की त्यांचा उजेड गल्लीतल्या रोजच्या उजेडासारखाच वाटावा.

पण माझ्या मते खरी कमाल चौकटीची आहे. बिबट्यासारखं जनावर हाती लागणार, तर ते फोटोभर दिसावं असा मोह कुणाला होणार नाही? त्यांनी मात्र कॅमेरा मुद्दाम असा ठेवला, की बिबट्यानं चौकट व्यापू नये. घरं दिसली पाहिजेत. त्या घरांशेजारूनच बिबट्या जातो, हीच तर बातमी!

ही वस्ती वारल्यांची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागूनच असल्यामुळे भटक्या कुत्र्यांच्या मागे बिबटे इथे येतात. वारली वाघोबाला पूजतात, भिंतींवर त्याची चित्रं काढतात. बिबट्यानं हल्ले केल्याचे दिवसही त्यांनी पाहिले आहेत, तरी ते त्याला शेजारी मानतात. खानोलकरांनी आधी या लोकांना आपला बेत पटवला. मग बिबट्या कुठून येतो-जातो ते त्यांनीच सांगितलं आणि उघड्यावरच्या महागड्या सामानावर लक्षही ठेवलं. चार महिन्यांनी हवा तो फोटो मिळाला. क्लिकचा आवाज आला तशी बिबट्यानं कॅमेऱ्याकडे एक चौकस नजर टाकली आणि तो आपल्या कामाला निघून गेला.

हा फोटो मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर पाहा. बिबट्यावर क्षणभर हात धरा आणि उरलेली गल्ली न्याहाळा. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, फ्लॅश कुठे लपवले असतील, ते शोधा. मगच हात काढा.