कण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर राहणारा बधिरपणा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप आपल्या जिल्ह्याला विसरणे शक्य नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर व आसपासची गावे मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. मृतांची आठवण दरवर्षी काढली जाते. परंतु मोठ्या भूकंपात मृतांच्या मागे आणखी एक वर्ग उरतो, त्याची आठवण फारशी निघत नाही. तो म्हणजे पाठीच्या कण्याला दुखापत होऊन जगलेल्या माणसांचा.

मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर लाकडाचे व मातीचे जड माळवद, अशी आपल्याकडची जुनी घरे होती. झोपलेल्या माणसाच्या अंगावर असे घर पडले की त्याचा भार छातीवर, पाठीवर व कमरेवर येतो. मणका मोडतो. त्यातच घाबरलेले लोक जखमीला हातपाय ओढून बाहेर काढतात आणि मिळेल त्या वाहनात घालतात. कण्याची अर्धी दुखापत अशा वेळी पूर्ण होऊ शकते. म्हणूनच अपघात कोणताही असो, पाठीला मार लागलेल्या माणसाला तीन-चार जणांनी मिळून, मान व पाठ न वाकवता, फळीवर किंवा दारावर ओंडक्यासारखे सरळ उचलावे, हा धडा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा.

कण्याचे दुखणे केवळ भूकंपाने येते असे नाही. ओल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणारे आपले ऊसतोड बांधव, पोती वाहणारे हमाल, विहिरीत किंवा झाडावरून पडलेले शेतमजूर, खराब रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवणारे चालक, मणक्याचा क्षयरोग झालेले रुग्ण, या सर्वांवर कण्याच्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. ती वेळ आल्यावर काय समजून घ्यावे आणि शस्त्रक्रियेनंतर पायात बधिरपणा राहिला तर कसे जगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कण्याची रचना

आपल्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे सुटे मणके असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांत जुळलेले असतात. सुट्या मणक्यांच्या मध्ये गादी असते. मणक्यांच्या मागील पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो आणि पुढे घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका खाली जातो. या नसा पायांना शक्ती व स्पर्श देतात आणि लघवी-संडासवर ताबा ठेवतात.

प्रत्येक नसेचा पायावरील प्रदेश ठरलेला असतो. कमरेची पाचवी नस दबली तर पोटरीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग व अंगठा बधिर होतो. तिच्या खालची नस दबली तर करंगळी, पावलाची बाहेरची कड, टाच व तळवा बधिर होतो. दुखणे पायात आणि मूळ मात्र कमरेत, असे का होते ते यावरून लक्षात येईल. पायाला कितीही लेप लावले आणि चोळले तरी कमरेत दबलेली नस त्यामुळे मोकळी होत नाही.

शस्त्रक्रिया केव्हा करावी?

याबाबत समाजात दोन टोकाचे गैरसमज आहेत. पहिला असा की, कण्याचे ऑपरेशन केले म्हणजे माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. दुसरा असा की, ऑपरेशन केले म्हणजे माणूस पूर्वीसारखा होऊन लगेच पोती उचलू लागतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

गादी सरकून पायात कळा येणाऱ्या बहुतेक रुग्णांना दीड ते तीन महिन्यांत, विश्रांती, औषधे व व्यायाम यांनीच उतार पडतो. अशांना शस्त्रक्रियेची घाई नसते. मणक्याच्या क्षयरोगातही पुष्कळ रुग्ण केवळ क्षयाच्या औषधांनी बरे होतात, मात्र औषधे डॉक्टर सांगतील तितके महिने न चुकता घेतली पाहिजेत. परंतु पायातील शक्ती कमी होत चालली, पाऊल उचलेना, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, मणका अस्थिर झाला किंवा उपचार करूनही वेदना असह्य राहिली, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आणि एका प्रसंगी तर एक दिवसही दवडू नये. दोन्ही मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, तर नसांचा सारा झुपका दबला आहे असे समजावे. ही तातडीची अवस्था आहे. तासातासाने नुकसान वाढते. अशा वेळी कंबर तुडवून घेणे, झटका देऊन नस बसवणे, अंगारा लावून वाट पाहणे, यात पाय व लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेपोटी ही लक्षणे घरात न सांगणाऱ्या स्त्रियांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. ही शस्त्रक्रिया वेदनेसाठी आहे, शक्तीसाठी आहे की पुढचे नुकसान थांबवण्यासाठी? न केल्यास काय होईल? बधिरपणा जाईल का? जंतुसंसर्ग, नसेला इजा, पुन्हा गादी सरकणे, हे धोके माझ्या बाबतीत किती आहेत? किती महिने जड काम बंद ठेवावे लागेल? मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, चालू असलेल्या गोळ्या, काहीही लपवू नये. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही देण्यापूर्वी ते वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचवून घ्यावे.

बधिरपणा का राहतो?

शस्त्रक्रिया नसेवरचा दाब काढते. मोडलेला मणका असेल तर स्क्रू व सळ्यांनी तो स्थिर करते. परंतु दबून इजा झालेली नस तिला बदलून देता येत नाही. शेतात पाण्याच्या पाइपवर दगड पडला असेल तर दगड उचलता येतो, पण पाइप आतून चेंगरला असेल तर पाणी पूर्वीइतके येईलच असे नाही. तसेच येथे घडते.

सर्वसाधारणपणे पायातील कळ आधी कमी होते, शक्ती त्यानंतर सुधारते आणि स्पर्श सर्वांत शेवटी येतो. इजा झालेली नस वाढली तरी दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच वाढते. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचे अंतर सुमारे तीन फूट धरले तर हा प्रवास किती लांबचा आहे ते कळते. म्हणून वर्ष-दीड वर्ष धीर धरावा. या काळात मुंग्या येणे, मध्येच चमक निघणे, हे कधी कधी नस जागी होत असल्याचेही चिन्ह असते. तेवढ्या काळानंतरही जो बधिरपणा राहतो, तो बहुधा कायम राहतो. नस फार दिवस दबलेली असेल, वय अधिक असेल किंवा मधुमेह असेल, तर याची शक्यता वाढते.

मज्जारज्जूलाच जबर इजा झाली असेल तर गोष्ट अधिक कठीण आहे. मज्जारज्जू सहसा पुन्हा जुळून येत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेने रुग्णाला बसते करता येते, पण गेलेला स्पर्श परत आणता येईलच असे नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बधिरपणा उरला म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नाही. वेदना थांबली, पाऊल उचलता आले, लघवीवर ताबा राहिला, तर शस्त्रक्रियेने आपले काम केले. मात्र शस्त्रक्रियेनंतर बधिरपणा नव्याने पसरू लागला, पायातील जोर कमी झाला किंवा ताप येऊन जखमेतून पाणी वाहू लागले, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

वेदना नसलेल्या पायाची राखण

बधिर पाय दुखत नाही, म्हणून घरच्यांना तो बरा वाटतो. खरा धोका इथेच आहे. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४६ पासून वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले की, त्या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. स्पर्श गेल्यामुळे भाजते, टोचते, घासते, जखम चिघळते आणि त्यातून बोटे जातात. जखमा टाळल्या तर बोटे वाचतात. महाराष्ट्रातील कुष्ठसेवकांनी हाच धडा गावोगाव शिकवला. कण्याच्या रुग्णाचा आजार निराळा आहे, पण बधिर पायाची राखण त्याच पद्धतीने करावी लागते.

पायाला कळत नाही ते डोळ्यांनी व हातांनी ओळखायचे, हा मुख्य नियम. रोज रात्री झोपण्यापूर्वी तळवे, टाचा व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे. लालसरपणा, फोड, भेग, रुतलेला बाभळीचा काटा दिसला की त्याच दिवशी उपचार करावा. कुरूप ब्लेडने स्वतः कापू नये. अनवाणी चालू नये. शेतात नाही आणि अंगणातही नाही. एप्रिलच्या मिरवणुकीत तापलेल्या डांबरी रस्त्यावर तर मुळीच नाही. मऊ तळव्याची, टाचेला पट्टा असलेली चप्पल वापरावी. कुष्ठरोग केंद्रांतून दिली जाणारी एम.सी.आर. रबराची चप्पल या कामी उत्तम. चप्पल घालण्यापूर्वी खडा किंवा खिळा आहे का ते हाताने चाचपावे.

आंघोळीचे पाणी पायाने न पाहता कोपराने पाहावे. गरम विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बधिर भागावर घेऊ नये. शेकोटी, चूल व मोटारसायकलचा सायलेन्सर यांपासून पाय दूर ठेवावा. ब्रेकचा दाब पायाला नीट कळत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडी चालवू नये. रात्री उठताना दिवा लावावा, कारण अंधारात बधिर पावलाला जमिनीचा अंदाज येत नाही.

बैठकीचा भागच बधिर असेल तर एकाच जागी तासन् तास बसू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलावे. अंथरुणावरील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. पाठीवरचे झोपेचे व्रण हाडापर्यंत जातात आणि त्यांनीही माणसे दगावतात.

बधिर भागात आग होणे, विजेसारखे झटके बसणे, हेही काहींना होते. त्यासाठी नसांच्या वेदनेची वेगळी औषधे असतात. दुकानातून साध्या वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने घेतल्याने ही आग थांबत नाही आणि मूत्रपिंड मात्र खराब होते.

माणूस आणि त्याचे घर

बधिरपणा डोळ्यांना दिसत नाही. प्लास्टर नाही, काठी नाही, म्हणून 'ऑपरेशन झाले, आता कशाला बसून राहतोस?' असे बोलणे ऐकावे लागते. मजुरीवर चालणाऱ्या घरात असे बोलणे दुष्टपणाने नव्हे, तर पोटाच्या काळजीने येते. तरीही त्यामुळे रुग्ण वेळेआधी ओझे उचलतो आणि पुन्हा दवाखान्यात जातो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली बंधने रुग्णाने एकट्याने न ऐकता घरच्यांना सोबत नेऊन ऐकवावीत. उचलण्याऐवजी देखरेखीचे, शिवणाचे, दुकानाचे काम शोधणे याला माघार समजू नये.

कण्याच्या दुखण्याने आयुष्य थांबत नाही, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर या जवानाला १९६५ च्या युद्धात अनेक गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक कण्याजवळच राहिली. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आनंदवनचे बाबा आमटे यांना कण्याच्या व्याधीमुळे बसता येत नसे. उभे राहावे किंवा आडवे पडावे, एवढेच शक्य होते. तशा अवस्थेत त्यांनी १९८५ साली कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. सर्वांनाच एवढे साधेल असे नाही, आणि साधावे अशी सक्तीही नाही. शरीराची मर्यादा ओळखून काम आखता येते, एवढाच त्यातून बोध घ्यावा.

शासकीय मदतीचीही माहिती असावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. शक्ती जाऊन कायमचे अपंगत्व आले असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. मज्जारज्जूच्या रुग्णांना मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचा मार्ग मोकळा आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत कमरेचे ऑपरेशन झालेला कोणी ना कोणी असेलच. त्याला 'आता बरे आहे ना?' एवढेच विचारून थांबू नका. पाय पाहिलात का, चप्पल कशी वापरता, जखम तर नाही ना, हेही विचारा. ज्या पायाला स्वतःची जखम कळत नाही, त्या पायासाठी शेजाऱ्याचे डोळेही उपयोगी पडतात.