कोणता कुलाबा ?

अलिबागेस घरींच बसून दूरच्या व्यापाऱ्यांचीं संकेतस्थळें बांधणारा तरुण दिवसभर करतो तरी काय, असें वडील मंडळी विचारतात. सकाळीं तो कालच्या चुका काढतो आणि दुपारीं उद्यांच्या चुका करून ठेवतो, हें त्याच्या मित्रांचें उत्तर ! थट्टा राहो, त्याच्या श्रमाचा मोठा भाग कोष्टकें मांडण्यांत जातो, व अशा कोष्टकांच्या संग्रहास ‘डेटाबेस’ म्हणतात.

माहिती साध्या कोष्टकांत असावी, ती यंत्रांत कोठें दडली आहे याची चिंता विचारणारास पडूं नये, हें तत्त्व एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलें. तें शिकण्यास अलिबागेसारखें गांव नाहीं.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेत. विजेच्या ट्रामगाड्यांमुळें चुंबकसुया बहकतील या भीतीनें डॉ. नानाभाई मूस यांच्या काळांत हें काम अलिबागेस आलें. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणीं मापें घेतलीं गेलीं. दोन्ही वह्यांतील एकाच घटकेचीं मापें शेजारीं ठेवलीं कीं दोन स्थळांतील फरक कळतो, आणि जुनी मालिका नवीस सांधतां येते. डेटाबेसमधील ‘जोडणी’ ती हीच. येथें ‘वेळ’ हा दुवा.

आतां नांवाचा घोटाळा पाहा. कुलाबा मुंबईंत, कुलाबा किल्ला अलिबागच्या समुद्रांत, आणि १९८१ सालीं रायगड हें नांव मिळेपर्यंत अलिबागेचा जिल्हाहि कुलाबाच! शिकाऊ मंडळींत ‘कोणता कुलाबा ?’ ही थट्टा सहज चालावी. परंतु यंत्रास थट्टा कळत नाहीं. ‘कुलाबा’ एवढेंच शोधलें तर तें दोन वेधशाळांचीं मापें एकत्र कालवून देईल. म्हणून प्रत्येक स्थळास न बदलणारी खूण देतात. मापांच्या कोष्टकांत तेवढीच खूण लिहितात, आणि नांव, जिल्हा, अक्षांश हीं वेगळ्या कोष्टकांत एकदांच. जिल्ह्याचें नांव बदललें तर एकच ओळ दुरुस्त करावयाची. लाखों मापांना हात लावावा लागत नाहीं.

ही काटेकोर वृत्ति हवीच. २ सप्टेंबर १८५९ रोजीं झालेल्या प्रचंड चुंबकीय वादळांत कुलाब्याचें क्षैतिज बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरलें. त्या नोंदी २००३ सालीं पुन्हा तपासल्या गेल्या. असें वादळ आज आलें तर विजेच्या जाळ्यांचें काय होईल, हें अजमावणारे अभ्यासक त्या आंकड्याचा आधार घेतात. आणि तो मुंबईच्या कुलाब्याचा आहे, हें त्यांस निःसंशय ठाऊक असावें लागतें.